टेडी वेदरफोर्ड : हिंदुस्थानांत रमलेला जाझ-पियानोवादक

पियानो हें वाद्य मराठी घरांत फारसें कधीं आलें नाहीं. आली ती पेटी. आणि नाटकमंडळ्यांच्या मागोमाग आला तो पायांनीं भाता हलवून वाजवावयाचा ऑर्गन. जळगांवांत मेहबूबखां यांच्याजवळ ज्यांनीं लहानपणीं गायनाचे धडे घेतले, त्या नारायणराव राजहंसांच्या नाट्यपदांबरोबर ऑर्गनचे भरदार सूर महाराष्ट्रभर ऐकूं आले, आणि काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचें वाद्य आमच्या कानांना परकें राहिलें नाहीं. तथापि त्या पट्ट्यांनीं आमच्याकडे काम केलें तें साथीचें. गायकाच्या मागें मागें जावें, त्यानें श्वास घेतला कीं तेवढी जागा भरून काढावी, यापलीकडे त्यांच्याकडून फारशी अपेक्षा नसे. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून देणारा कलावंत निघाला, हा अपवादच म्हटला पाहिजे. आज ज्याच्याविषयीं मी बोलणार आहें तो मनुष्य त्याच पट्ट्यांवर दोन हातांनीं अख्खा वाद्यवृंद उभा करीत असे. जन्मानें तो अमेरिकन, वंशानें आफ्रिकन, आणि आयुष्याच्या शेवटच्या नऊ वर्षांत बव्हंशीं हिंदुस्थानचा रहिवासी होता. त्याचें नांव टेडी वेदरफोर्ड.

जाझ-पियानोचा विषय निघाला म्हणजे हल्लीं ‘मुक्त जाझ’ या पंथाचें नांव प्रथम निघतें. सेसिल टेलर (१९२९–२०१८) हा त्या पंथाचा अध्वर्यु पियानोवादक. त्याची ‘जाझ ॲडव्हान्स’ ही पहिली ध्वनिमुद्रिका १९५६ सालची. ज्या ध्वनिमुद्रिकेवरून पंथाचें नांव रूढ झालें ती ऑर्नेट कोलमनची ‘फ्री जाझ’ ही १९६० च्या डिसेंबरांत मुद्रित झाली. ठराविक स्वरसंघांची चौकट आणि ठराविक मात्रांचें आवर्तन हीं दोन्हीं बंधनें झुगारून देऊन वादकांनीं परस्परांचें ऐकत ऐकत पुढें जावें, हा त्या पंथाचा बाणा. आमच्यांतील कांहीं रसिक याला आलापाची उपमा देतात. मला ती अर्धीच खरी वाटते. आलापाला ताल नसला तरी रागाचें कुंपण असतें, आणि तें कुंपण ओलांडणाऱ्याला आम्ही मुक्त म्हणत नाहीं, बेसूर म्हणतों. असो. वेदरफोर्ड हा या पंथाचा नव्हे. पंथाचा जन्म होण्यापूर्वींच त्याची इहलोकींची यात्रा संपली होती. परंतु वादनांतील मुक्ततेच्या आधीं वादकाला माणूस म्हणून कांहीं मुक्तता लागते, आणि त्या काळीं त्याच्या वर्णाच्या माणसाला ती स्वदेशांत मिळत नव्हती. ती शोधीत हा मनुष्य अर्धी पृथ्वी ओलांडून आपल्या दाराशीं आला, आणि या शोधाची किंमतही त्यानें पुरेपूर दिली. म्हणून त्याची कथा सांगावयाची.

वेदरफोर्डचा जन्म ११ ऑक्टोबर १९०३ रोजीं व्हर्जिनिया संस्थानांतील पोकाहॉन्टस या गांवीं झाला. मुंबईचें ताजमहाल हॉटेल त्याच वर्षीं १६ डिसेंबरला उघडलें. म्हणजे हॉटेल आणि त्याचा भावी वादक यांच्या वयांत जेमतेम दोन महिन्यांचें अंतर. पोकाहॉन्टस हें कोळशाच्या खाणींचें गांव. १८८४ सालीं तेथील खाणींत स्फोट होऊन शंभराहून अधिक माणसें एका दमांत गेलीं होतीं. जवळच, पश्चिम व्हर्जिनियाच्या हद्दींत, ब्लूफील्ड हें गांव आहे. मुलाचें बालपण तेथें गेलें. खानदेशांतील श्रोत्यांना ब्लूफील्ड कसें होतें हें समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आगगाडी आली आणि गांवाचें शहर झालें. रुळांचीं जाळीं, इंजिनांच्या शेड, रात्रंदिवस चाललेली डब्यांची जुळवाजुळव, आणि रेल्वेच्या पगारावर उभा असलेला सगळा बाजार. भुसावळ ज्यानें पाहिलें आहे त्यानें ब्लूफील्ड पाहिल्यासारखेंच आहे. फरक एवढाच कीं, ब्लूफील्डच्या यार्डांतून कोळसा जाई आणि आपल्या इकडच्या गाड्यांतून कापूस.

१९१५ च्या सुमारास, बाराएक वर्षांच्या वयांत, तो न्यू ऑर्लिन्सला आला आणि तेथें पियानो शिकला. हें शहर म्हणजे जाझचें माहेर. ब्रास बँडांच्या मिरवणुका, नदीवरील बोटींतील नाच, चर्चमधील भजनें, या सर्वांतून निघालेलें संगीत अद्याप वयांत येत होतें. पुढें तो शिकागोला गेला. दक्षिणेंतील शेतमजूर आणि कारागीर लाखांनीं उत्तरेकडे लोटत होते, त्या लोंढ्यांतलाच हाही एक. अर्स्किन टेट नांवाच्या व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद शिकागोच्या वेंडोम थिएटरांत मूक चित्रपटांना साथ करी, त्यांत वेदरफोर्डला जागा मिळाली. मूक चित्रपटाच्या पडद्याखालीं पेटी-तबला घेऊन बसलेली आपल्याकडील जोडी ज्यांना ऐकून ठाऊक असेल, त्यांनीं त्या जागीं पंधरावीस कसलेल्या वादकांची कल्पना करावी. मध्यंतरांत हे वादक स्वतःचा कार्यक्रम करीत, आणि पुष्कळ लोक चित्रपटापेक्षां त्या मध्यंतरासाठींच तिकीट काढीत. १९२५ च्या अखेरीस ट्रंपेट घेऊन लुई आर्मस्ट्राँग त्याच वृंदांत येऊन बसला. २८ मे १९२६ रोजीं या मंडळींनीं ‘स्टॅटिक स्ट्रट’ आणि ‘स्टॉम्प ऑफ, लेट्स गो’ हे दोन तुकडे मुद्रित केले. आर्मस्ट्राँग आणि वेदरफोर्ड एकत्र ऐकावयाचे तर तीच एक तबकडी.

त्याच्या वादनाची रीत थोडक्यांत सांगतों. डाव्या हातानें पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर खर्जांतला एक सूर मारावयाचा आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर तोच हात उडी घेऊन मध्य सप्तकांतला तीन-चार सुरांचा संघ दाबावयाचा. हा हात न थकतां, न चुकतां, घड्याळाच्या लंबकाप्रमाणें झुलत राहतो. डग्गा आणि तंबोरा एकाच पंजांत घातल्यासारखा हा प्रकार आहे. मग उजवा हात मोकळा. त्यानें मूळ चाल घ्यावी, तोडावी, दुगणींत फिरवावी, मात्रेच्या किंचित् आधीं किंवा नंतर पडून ऐकणाऱ्याला हुलकावणी द्यावी. आपल्याकडे लेहऱ्यावर तबलजी जें करतो तेंच काम येथें उजवा हात करतो, आणि लेहराही त्याच माणसाच्या डाव्या हातांत असतो. वेदरफोर्डचा पंजा मोठा आणि जोर प्रचंड. शिकागोंत त्या दिवसांत पियानोवाल्यांमध्यें त्याचाच शब्द चाले. अर्ल हाइन्स हा पिट्सबर्गकडील तरुण त्या सुमारास शिकागोला आला तेव्हां तेथील गाजलेला पियानोवादक म्हणून वेदरफोर्डकडेच बोट दाखविलें जाई, आणि हाइन्सनें त्याच्यापासून पुष्कळ उचललें असें जाणकार मानतात.

आणि नेमक्या या क्षणीं तो निघून गेला. १९२६ सालींच जॅक कार्टर नांवाच्या ड्रमवादकाच्या जथ्यांत सामील होऊन त्यानें शांघायची बोट पकडली. पुढील दोन वर्षांत शिकागोमध्यें आर्मस्ट्राँगनें ज्या तबकड्या केल्या त्यांनीं जाझचें शास्त्रच बदललें, आणि १९२८ च्या तबकड्यांत पियानोवर बसला होता अर्ल हाइन्स. वेदरफोर्ड मागें राहिला असता तर त्या खुर्चीवर कोण असतें, या प्रश्नाला अर्थ नाहीं. पण तो मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

तो कां गेला? पैसा हें एक कारण खरेंच. पूर्वेकडील हॉटेलें चांगला मोबदला देत. परंतु तेवढेंच म्हणून थांबणें मला योग्य वाटत नाहीं. ज्या शिकागोंत तो उदयास आला तेथें १९१९ च्या जुलैंत वर्णद्वेषाचा दंगा होऊन ३८ माणसें मेलीं होतीं. दक्षिणेंत तर आगगाडीचा डबा, पाण्याचा नळ, शाळा, दवाखाना, सारें वेगळें. रात्रीं ज्याच्या वादनावर गोरीं जोडपीं नाचलीं त्यालाच हॉटेलच्या मागील दारानें बाहेर जावें लागे. पुढील दारानें आंत जातां येईल असें शहर पृथ्वीच्या पाठीवर असेल तर तेथें जावें, असें पंचविशीच्या आंतल्या माणसाला वाटलें तर त्यांत नवल काय? पॅरिसला गेलेले कलावंत पुष्कळ. पूर्वेकडे वळले ते थोडे, आणि जे वळले त्यांची नोंद ठेवणारे त्याहून थोडे.

शांघायमध्यें तो केवळ वादक राहिला नाहीं, एक संस्थाच बनला. मनिला, सिंगापूर, जपान अशा फेऱ्या करीत पुनः पुनः तो शांघायला येई. लँग्स्टन ह्यूज हा कवि १९३३ सालीं तेथें गेला असतां त्याला भेटला, आणि पुढें आपल्या प्रवासवर्णनांत पूर्वेकडील शहरांतून या धिप्पाड, हंसतमुख वादकाला मिळणाऱ्या स्वागताचें त्यानें मोठ्या आत्मीयतेनें वर्णन केलें आहे. १९३४ सालीं कॅनिड्रोम नांवाच्या नृत्यगृहासाठीं वाद्यवृंद हवा होता, तेव्हां वेदरफोर्ड स्वतः कॅलिफोर्नियाला जाऊन बक क्लेटन या तरुण ट्रंपेटवादकाचा संच घेऊन आला. शांघायमध्यें एकाच रात्रींत चार ठिकाणीं जाऊन थोडें थोडें वाजवून येण्याचा त्याचा क्रम क्लेटननें आपल्या आठवणींत सांगितला आहे. आपल्याकडे गणेशोत्सवांत एकाच रात्रीं तीन मंडपांतून गाऊन येणारे गवई असत, त्यांना हें सांगून आश्चर्य वाटलें नसतें.

आतां मुंबईकडे येऊं. ताजमहाल हॉटेलांत नृत्याचे वाद्यवृंद पूर्वीपासून होते. १९३५ सालच्या हिवाळ्यांत लिऑन ॲबी या व्हायोलिनवादकाचा आफ्रिकन वंशाच्या अमेरिकनांचा संच तेथें आला, आणि अस्सल जाझ म्हणजे काय हें मुंबईनें प्रथमच नीट ऐकलें. पुढच्याच वर्षीं, १९३६ मध्यें, क्रिकेट स्मिथ या वयोवृद्ध कॉर्नेटवादकाच्या नेतृत्वाखालीं दुसरा संच आला, आणि त्याचा पियानोवादक होता वेदरफोर्ड. या संचानें मुंबईंत कांहीं तबकड्या मुद्रित केल्या. त्यांतील एकीचें नांवच ‘ताजमहाल’. स्मिथ बाजूस झाल्यावर संचाचें पुढारपण वेदरफोर्डकडे आलें.

मुंबईच्या त्या नृत्यगृहाचें चित्र मोठें विचित्र आहे. मुंबईंतच कांहीं गोऱ्या लोकांचे क्लब असे होते कीं, तेथें हिंदी माणसाला, मग तो न्यायाधीश असो कीं गिरणीमालक, पाऊल ठेवतां येत नसे. आणि थोड्याच अंतरावर, ताजच्या दिवाणखान्यांत, ज्याला त्याच्याच देशांत कमी लेखलें जाई असा एक मनुष्य पांढराशुभ्र पोशाख करून पियानोवर बसे, आणि इंग्रज अधिकारी, पारशी कुटुंबें व संस्थानिक त्याच्या तालावर पावलें टाकीत. याला समतेचा विजय म्हणावा असें मला वाटत नाहीं. संस्थानिकाच्या शेजारीं बसणें आणि संस्थानिकासाठीं वाजविणें यांत अंतर आहे, आणि गवयांना सरकारदरबारचा इतिहास ठाऊक असलेल्या आपल्या समाजाला तें समजावयास हवें. तरी पण पुढील दारानें आंत जाण्याची मुभा ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

या मंडळींचा खरा ऋणानुबंध जुळला तो नाचणाऱ्यांशीं नव्हे, तर आमच्या गोमंतकीय वादकांशीं. गोव्यांतील चर्चला जोडलेल्या शाळांतून ‘मेस्त’ मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिन शिकवीत. पोर्तुगीज अमदानीनें गोव्याला उद्योग दिले नाहींत. पण कागदावरचें संगीत डोळ्यांनीं वाचून तत्काळ वाजवितां येणारीं मुलें मात्र गांवोगांव तयार झालीं. तीं पोटासाठीं मुंबईला येत, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गांवाच्या ‘कुडां’त उतरत, आणि मूक चित्रपट, पोलीस बँड, संस्थानिकांचे बँड, आगगाडीच्या कर्मचाऱ्यांच्या इन्स्टिट्यूटमधील नाच, जेथें मिळेल तेथें वाजवीत. त्यांना लिहिलेलें सारें येत होतें. न लिहिलेलें वाजवावयाचें कसें, हें त्यांना या अमेरिकनांकडून कळलें. चार ओळींची चाल संपली कीं कागद बाजूस सारून उभें राहावयाचें आणि त्याच चौकटींत आपलें स्वतःचें कांहीं तरी सांगावयाचें! आपल्या ख्यालगायकाला यांत नवीन कांहीं नाहीं. परंतु चर्चच्या शिस्तींत वाढलेल्या त्या मुलाला ही केवढी मोकळीक वाटली असेल! हळदोण्याचा आंतोनियो शाव्हियर वाझ हा आर्मस्ट्राँगचा असा कांहीं भक्त बनला कीं, ‘चिक चॉकलेट’ या नांवानें तो हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग म्हणून ओळखला जाऊं लागला. १९३९ पासून ताजमध्यें मिकी कोरिया यांचा संच आला, आणि तो वीसएक वर्षें टिकला. परदेशी पाहुण्यांनीं भरविलेली शाळा आतां घरच्याच मास्तरांच्या हातीं आली होती.

मध्यें १९३७ च्या उन्हाळ्यांत वेदरफोर्ड पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या निमित्तानें तिकडे गेला. तेथें ‘स्विंग’ या कंपनीनें त्याच्या एकट्याच्या पियानोवादनाच्या तबकड्या काढल्या. त्याच्या कर्तृत्वाचा विश्वसनीय पुरावा हाच. स्कॉट जॉप्लिनचा ‘मेपल लीफ रॅग’ तो ज्या वेगानें वाजवितो तो ऐकून प्रथम थक्क व्हावयास होतें, आणि नंतर थोडा विषादही वाटतो. मूळ रचनेंत जो डौल आहे तो या वेगांत कुठें तरी हरवतो. वर्षानुवर्षें हॉटेलांतून, कांटेचमच्यांच्या खणखणाटावर मात करीत वाजविणाऱ्याला हा मोह आवरणें कठीण. श्रोत्याला चकित करून सोडणें हा त्याचा धंदाच झालेला असतो. बरोबरीच्या वादकांचा सहवास नाहीं, चुकलें तर कान पिळणारा नाहीं, आणि टाळ्या तर रोजच्या ठरलेल्या. या एकांताचा डाग त्याच्या वादनावर पडला आहे, असें माझें मत आहे. पण त्याच बैठकींतील ‘वेदर बीटन ब्लूज’ ऐकावें. तेथें त्याला कोणालाही चकित करावयाचें नाहीं. डावा हात जड पावलांनीं चालतो, उजवा हात एकेक सूर खालीं ठेवतो, आणि मधल्या रिकाम्या जागा तो भरीत नाहीं. तेवढ्या तीन मिनिटांत हा मनुष्य कोण होता हें कळतें.

पट्ट्यांच्या वाद्यांची एक जन्मजात मर्यादा आहे. दोन पट्ट्यांच्या मधला सूर त्यांना नाहीं, म्हणून मींड नाहीं. याच कारणानें आमच्या नभोवाणीनें १ मार्च १९४० पासून पेटीला आपल्या कार्यक्रमांतून हद्दपार केलें, आणि तें बहिष्काराचें व्रत १९७१ पर्यंत चाललें. पेटीवाल्यांनीं काय सोसलें हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय होईल. मला सांगावयाचें तें इतकेंच कीं, ब्लूजच्या गायकालाही मधले सूर लागतात, आणि पियानोवाल्यापुढेंही हीच अडचण उभी असते. त्यानें त्यावर तोड काढली ती अशी : कोमल आणि शुद्ध अशा शेजारच्या दोन पट्ट्या एकदम किंवा घसरत दाबावयाच्या, म्हणजे कानाला मधल्या सुराचा भास होतो. वाद्याला जें येत नाहीं त्याची नुसती चाहूल निर्माण करण्याची ही युक्ति आमच्या पेटीवाल्यांनाही ठाऊक होती. निर्बंध घालणाऱ्यांनीं ती मनावर घेतली नाहीं.

ताजमधील मुक्कामानंतर वेदरफोर्ड कांहीं काळ कोलंबोच्या गॉल फेस हॉटेलांत होता, आणि युद्धाच्या काळांत कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलांत स्थायिक झाला. मुंबई आणि कलकत्ता हीं तेव्हां पाश्चात्य संगीताचीं दोन मोठीं केंद्रें. त्यांना जोडणारा नागपूरवरून जाणारा लोहमार्ग भुसावळ सोडतांच प्रथम वरणगांवाला लागतो. आज शस्त्रास्त्रांच्या सरकारी कारखान्यामुळें हें गांव ओळखलें जातें. त्या वेळीं तें केळी-कापसाच्या मुलखांतलें लहानसें स्थानक होतें. वादकांचे जथे वाद्यांच्या पेट्यांसह या दोन शहरांमध्यें जा-ये करीत. त्यांच्या गाड्या आमच्या शेतांच्या कडेनें धडधडत गेल्या, आणि त्या डब्यांत कोणतें संगीत बसलें आहे याची शिवारांतल्या माणसाला गंधवार्ता नव्हती. एकाच देशांत किती जगें एकमेकांच्या शेजारून न बोलतां जातात, हें पाहून मन चकित होतें.

कलकत्त्यांत त्याच्या हाताखालीं जो संच होता तो खऱ्या अर्थानें अठरापगड. ब्रह्मदेशांतून जपानी आक्रमणामुळें आलेले सनईसदृश क्लॅरिनेट वाजविणारे रूबेन सॉलोमन, गिटारवादक सेड्रिक वेस्ट, नेपाळी ट्रंपेटवादक पुष्कर बहादुर, जे जॉर्ज बँक्स या नांवानें वाजवीत, असे अनेकजण त्याच्याबरोबर होते. कोलंबिया कंपनीनें या संचाच्या पुष्कळ तबकड्या काढल्या, आणि अमेरिकन सैन्याच्या नभोवाणीवरून त्याचें वादन क्षेपित होई. तबकड्यांतील बहुतेक गाणीं त्या दिवसांतील चालतीं गाणीं आहेत. सैनिकांना घरची आठवण व्हावी एवढाच त्यांचा हेतु.

पण त्या कलकत्त्याचें दुसरें अंग सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. १९४३ चा बंगालचा दुष्काळ हा त्याच वर्षांतला. खेड्यांतून आलेलीं माणसें भाताच्या पेजेसाठीं दारोदार हाका मारीत फुटपाथांवर मरत होतीं. सर्व मिळून मृत्यूंचा आंकडा तीस लाखांच्या घरांत गेला असें मानतात. चौरंगीवरील हॉटेलांतले दिवे आणि वाद्यें मात्र चालूं होतीं. आणखी एक गोष्ट. ज्या वर्णभेदापासून दूर जाण्यासाठीं वेदरफोर्डनें १९२६ सालीं देश सोडला, तो भेद आतां अमेरिकन सैन्याबरोबर जहाजांत बसून त्याच्या मागोमाग कलकत्त्याला आला. आसामांतून ब्रह्मदेशाकडे जाणाऱ्या लेडो रस्त्यावर जे सुमारें १५,००० अमेरिकन सैनिक खपले, त्यांत साठ टक्के आफ्रिकन वंशाचे होते. आणि विश्रांतीसाठीं ते शहरांत आले म्हणजे त्यांची व्यवस्था गोऱ्या सैनिकांहून निराळी केली जाई. एकोणीस वर्षें परदेशांत घालवून हा मनुष्य अखेर त्याच भिंतीपाशीं येऊन उभा राहिला होता. फरक एवढाच कीं आतां तो वाद्यवृंदाचा नायक होता आणि दोन्ही बाजूंचे सैनिक त्याचें वादन ऐकत.

१९४५ च्या एप्रिलांत त्याला पटकी झाली. २५ एप्रिल रोजीं तो गेला. वय ४१. युरोपांतील युद्ध संपावयास पंधरा दिवसही उरले नव्हते. अमेरिकेंत त्याच्या मृत्यूची वार्ता फारशी कोणाला हळहळ लावून गेली नाहीं. तेथें त्याचें नांव जुन्या वादकांच्या आठवणींपुरतें उरलें होतें, आणि जाझचे इतिहास लिहिणारे न्यू ऑर्लिन्स, शिकागो, न्यूयॉर्क अशी सरळ रेघ ओढीत. शांघाय, मुंबई आणि कलकत्ता त्या रेघेवर येत नाहींत. आमचे संगीताचे इतिहासकारही त्याला आपला मानावयास तयार नव्हते. आमच्या लेखीं तो हॉटेलचा बँडवाला. अशा रीतीनें दोन देशांच्या मधल्या फटींत एक मोठा वादक पडून राहिला, तो थेट २०१२ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या इंग्रजी ग्रंथापर्यंत.

परंतु संगीत इतिहासकारांसाठीं थांबत नाहीं. मुंबईंत दारूबंदी आल्यावर नृत्यगृहांना उतरती कळा लागली, आणि गोमंतकीय वादकांनीं चित्रपटाच्या स्टुडिओंची वाट धरली. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांनीं चिक चॉकलेटला हाताशीं धरून भगवान पालव यांच्या ‘अलबेला’ (१९५१) साठीं जें संगीत केलें, त्यावर गल्लीबोळांतील पोरें नाचलीं. त्यांच्यापैकीं कोणाला वेदरफोर्डचें नांव ठाऊक नव्हतें; त्यानें इकडे आणलेला ठेका मात्र त्यांच्या पायांत भिनला होता. तिकडे जॉर्ज बँक्स यांना १९४१ सालीं झालेल्या मुलाचें नांव लुई ठेवण्यांत आलें तें आर्मस्ट्राँगवरून. हे लुई बँक्स पुढें पियानोवादक झाले, कलकत्त्याहून मुंबईला आले, आणि १९७८ सालीं मुंबईंत सुरू झालेल्या ‘जाझ यात्रे’च्या परंपरेंत त्यांनीं आपले गायक-वादक आणि जाझवाले यांना एका व्यासपीठावर बसविलें. १९८८ सालीं घरोघर पोंचलेल्या ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ या गीताच्या निर्मितींत अशोक पत्की यांच्याबरोबर वाद्यमेळाची बाजू सांभाळणारे तेच.

आणि ‘मुक्त जाझ’चें काय? त्याचाही एक धागा आपल्याकडे येऊन पोंचतो. डेव्ह ब्रूबेक १९५८ सालीं हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, त्यांच्या साहाय्यानें एडवर्ड साल्डान्हा, ऊर्फ डिझी साल, हा आपल्याकडील तरुण पियानोवादक अमेरिकेला शिकावयास गेला. १९५९ च्या उन्हाळ्यांत लेनॉक्स येथील जाझच्या शाळेंत तो दाखल झाला, तेव्हां त्याच वर्गांत प्लॅस्टिकचा सॅक्सोफोन घेऊन बसलेला एक सहाध्यायी होता ऑर्नेट कोलमन.

ज्यांना वेदरफोर्ड ऐकावयाची इच्छा असेल त्यांनीं क्रम असा ठेवावा. आधीं १९२६ ची ‘स्टॅटिक स्ट्रट’ घ्यावी, आणि आर्मस्ट्राँगसाठीं आसुसलेला कान क्षणभर आंवरून पियानोचा छोटा तुकडा ऐकावा. त्यांत बावीस वर्षांच्या मुलाची मस्ती आहे. मग कलकत्त्याच्या तबकड्या, एक-दोनच पुरेत. ‘वेदर बीटन ब्लूज’ सर्वांत शेवटीं, रात्रीं, रस्त्यावरची रहदारी थांबल्यावर.